राखी चालेल, ओवाळणी नाही

१२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली आणि परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून येणाऱ्या वस्तूंचं सवलतीचं दार लावून घेतलं. फटीतून दोनच गोष्टी आत येतील अशी सोय ठेवली : प्राणरक्षक औषधं आणि राखी. त्यातही खुलासा आहेच, की राखीच्या निमित्ताने पाठवलेल्या भेटवस्तू यात मोडत नाहीत. राखी चालेल, ओवाळणी नाही. न्यू जर्सीच्या बहिणीने पाठवलेला रेशमी दोरा सुटला. न्यू जर्सीच्या भावाने बहिणीला पाठवलेलं घड्याळ मात्र पूर्ण शुल्क भरूनच घरी येणार. आणि भाऊबीज? तिचा तर उल्लेखच नाही. अधिसूचना लिहिणाऱ्याच्या घरी दिवाळी बहुधा पाडव्यालाच संपत असावी.

सरकारची बाजू मला ठाऊक आहे. त्या काळात चिनी ॲपवाले कुर्ते, चपला, मोबाइलची कव्हरं असला सगळा माल 'भेट' असं लिहून पाठवत होते. शेन्झेनच्या कोणा अनोळखी काकांना भारतातल्या घरोघरच्या पुतण्यांचा असा उमाळा आला होता, की इथल्या दुकानदाराने जीएसटी भरायचा आणि त्या काकांनी फुकट माल ओतायचा. ती पळवाट बुजवली ते योग्यच केलं. परदेशातून आलेल्या मालावर शुल्क घेऊ नका, असं मी म्हणत नाही. जबलपूरच्या गोल बाजारातला व्यापारी कर भरतो, तर जपानमधल्या विक्रेत्याचं गिऱ्हाईक म्हणून मला सूट कशासाठी हवी? घ्या. पण किती घेणार ते मी पैसे मोजायच्या आधी सांगा. माझी मागणी एवढीच आहे, आणि या देशात एवढीच मागणी कोणी पुरी करत नाही.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची एक धातूची कडी मी परदेशातून मागवली. विक्रेत्याने किंमत सांगितली, 'फ्री शिपिंग' म्हणून पाठ थोपटून घेतली, कार्डातून ३,१०० रुपये गेले. कार्डाच्या बँकेने परकीय चलनाचा आपला वाटा आणि त्यावर जीएसटी वेगळा कापला, ते सोडून देऊ. मग जबलपुरातल्या राइट टाउनच्या माझ्या फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि पाठीवर बोजा घेतलेला पोरगा म्हणाला, "अंकल, कस्टम का पेमेंट है. उन्नीस सौ चालीस." कागद मागितला. "अपने को तो ऐप में जो दिखा रहा है, वोई लेना है." पोराची चूक शून्य. त्याला दिवसाची पार्सलं संपवायची होती आणि तो घामाघूम झाला होता. कडी हातात हवी, तर पैसे आत्ता. नाही तर पार्सल परत.

पैसे दिले. मग कुरिअर कंपनीच्या मागे लागून मेलवर बिल मिळवलं. त्यात १,०५५ रुपये शुल्क आणि कर. उरलेले ८८५ कसले? 'क्लिअरन्स' की 'ॲडव्हान्समेंट' अशा कुठल्याशा नावाची फी ७५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १३५. ही फी कशाची, तर कंपनीने माझ्या वतीने कस्टम्सला आधी पैसे भरले, म्हणजे मला न विचारता मला उधारी दिली, तिचा हा मोबदला. सावकाराकडे निदान माणूस आपल्या पायांनी जातो. या ७५० रुपयांतला एक पैसाही कस्टम्सकडे जात नाही, पण दारात उभ्या पोराच्या तोंडी सगळ्याचं नाव एकच, 'कस्टम'. सरकार बदनाम, कंपनी नामानिराळी, आणि सरकारलाही त्याचं काही वाटत नाही.

१,०५५ कसे आले, हे विचारायला गेलो तर खरी मजा. कस्टम्सचा शिक्का बसतो मुंबईत नाही तर दिल्लीत. जबलपुरात या बाबतीत दाद मागायला खिडकी नाही. कुरिअरची मदतवाहिनी म्हणते, शुल्क कस्टम्स ठरवतं, त्यांना विचारा. कस्टम्सला विचारावं, तर तुमचं आयातपत्र कुरिअर कंपनीनेच भरलंय, तिला विचारा. आयातपत्र, म्हणजे ज्याला ते लोक 'बिल ऑफ एंट्री' म्हणतात, ते माझ्या नावाने, माझ्या आधारच्या प्रतीवर भरलं जातं. ते मलाच बघायला मिळत नाही.

तो कागद मला का हवा? तर शुल्क आकारायचं ते मालाची किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर. म्हणजे भाड्यावरही शुल्क. पण २००७ च्या मूल्यांकन नियमांत एक कलम ग्राहकाच्या बाजूचं आहे : माल विमानाने आला तर भाडं कितीही असो, ते मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही. दोन हजारांची वस्तू, दीड हजार भाडं. शुल्कासाठी भाडं चारशेच धरायचं, दीड हजार नाही. पुढची उतरंडही बघा. आधी मूळ सीमा शुल्क. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार. मग माल, शुल्क आणि अधिभार या सगळ्यांच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी. करावर कर, त्यावर पुन्हा कर. तळाशी धरलेला आकडा चुकला की वरचे सगळे मजले चुकतात. तळाचा आकडा कोणी, कसा धरला, हे ज्याच्या खिशातून पैसे जातात त्यालाच कळू नये, अशी ही व्यवस्था आहे. दोन-चार माणसांनी विचारलं तर त्यांना टोलवता येतं. सगळ्यांनी विचारलं तर काय, याची भीती असावी.

आणि नको असेल तर पार्सल परत करा, असं जे तोंडावर फेकतात, त्यातली गोम तर फारच सुंदर. सीमा शुल्क कायद्याच्या, १९६२ च्या, कलम २३ मध्ये आयात करणाऱ्याला एक हक्क दिलाय : माल सोडवण्याचा हुकूम निघण्याआधी तो म्हणू शकतो, मला हा माल नको, मी हक्क सोडला. मग शुल्क भरायची जबाबदारी त्याच्यावर उरत नाही. पण मला कोणी विचारलंच नाही! कंपनीने माझ्या वतीने माल सोडवून घेतला, पैसे भरून टाकले, आणि माझा हक्क संपल्यावर दारात येऊन मला निवड दिली. आता नाकारलं तर विक्रेता म्हणणार, ग्राहकाने पार्सल घेतलं नाही, परतावा नाही. कुरिअर म्हणणार, भरलेलं शुल्क आणि परतीचं भाडं द्या. निवडीचं नाटक वठवायला एवढी माणसं कामाला लावली आहेत.

विक्रेत्याच्या संकेतस्थळाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, एक वाक्य असतंच : आयात शुल्क व कर खरेदीदाराची जबाबदारी. काही जण आणखी सुशिक्षित, ते 'डीडीयू' लिहितात. ही अक्षरं कुठून आली? पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ मध्ये व्यापाऱ्यांसाठी अटींची एक परिभाषा बांधली, इन्कोटर्म्स. कापसाच्या गाठी कोणाच्या जोखमीवर बोटीत चढणार, जकात कोण भरणार, हे दोन मुरलेल्या व्यापाऱ्यांना दोन-तीन अक्षरांत कळावं म्हणून. 'डीडीपी' म्हणजे शुल्क विकणाऱ्याने भरून माल दारात पोचवायचा. 'डीएपी' म्हणजे माल पोचेल, शुल्काचं तुम्ही बघा. 'डीडीयू' तर २०१० च्या आवृत्तीतून काढूनच टाकली आहे. मेलेली संज्ञा, जन्मात कधी घाऊक व्यापार न केलेल्या माणसापुढे टाकायची, आणि तो 'मान्य' या चौकोनावर टिचकी मारतो म्हणून त्याला करार म्हणायचं. आमच्या गल्लीतल्या आजीबाईंनी नातीसाठी बाहुली मागवली तरी त्या कायद्याने आयातदार होतात. त्यांनी गोदी बघितली असेल ती मुंबईला नातेवाइकांकडे गेल्यावर, बसच्या खिडकीतून.

यात खास संताप यायचं कारण म्हणजे, आपला देश या बाबतीत अडाणी नाही. गोल बाजारात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घ्या. त्यावर किंमत छापलेली असते आणि शेजारी 'सर्व करांसहित'. गेली पस्तीसेक वर्षं आपण असं जगतोय. अमेरिकेत गेलेला आपला माणूस पहिल्यांदा दुकानात जातो तेव्हा गल्ल्यापाशी वर चढवलेला विक्रीकर बघून चक्रावतो, कारण लिहिलेली किंमत म्हणजे द्यायची किंमत, हा संस्कार त्याच्या अंगात मुरलेला असतो. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, पाठोपाठ मुंबईतही ग्राहक पंचायत झाली. वजनमाप, किंमत, पावती या साध्यासुध्या गोष्टींसाठी मराठी माणसांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. त्या पुण्याईवर मुंबई-दिल्लीच्या विमानतळाबाहेर पाणी सोडलं जातं, आणि कोणी हूं की चूं करत नाही.

फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या वस्तूंवरचा दर २० वरून १० टक्के करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आमच्या मित्रमंडळात पेढे वाटायचंच बाकी होतं. मी म्हटलं, जरा थांबा. दर निम्मा झाला, पण तुम्हाला पैसे मोजायच्या आधी आकडा कळणार का? कुरिअरची फी निम्मी होणार का? ती तर एक रुपयाने हलणार नाही, उलट स्वस्त पार्सलवर तिचंच ओझं शुल्कापेक्षा जड होईल. दराची चर्चा करणं सगळ्यांना आवडतं, कारण त्याचा मथळा होतो. कागदाचा मथळा होत नाही.

वैयक्तिक आयात म्हटली की आपल्या कायद्याच्या कपाळाला आठी पडते, ती जुनी खोड आहे. २०२१ चा एप्रिल-मे आठवा. ऑक्सिजनसाठी माणसं तडफडत होती. प्राणवायू संच कोणी व्यापारासाठी आणला तर एकात्मिक जीएसटी १२ टक्के; पण अमेरिकेतल्या पुतण्याने आपल्या काकाला भेट पाठवला तर २८ टक्के. विकून नफा कमावणारा बारा, श्वास घेणारा अठ्ठावीस. १ मेला तो १२ वर आणला. दिल्लीतले ८५ वर्षांचे एक गृहस्थ कोर्टात गेले, आणि २१ मे २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयाने असा कर घटनाबाह्य ठरवला. सरकारने काय करावं? ते सर्वोच्च न्यायालयात धावलं आणि १ जूनला स्थगिती मिळवली. त्या दिवसांत सरकारी वकिलांना सवड होती, हे वाचून मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

आमच्या भागाला जकातीच्या कुंपणांचा इतिहास आहे. इंग्रजांनी मिठाची चोरटी ने-आण थांबवायला देशाच्या पोटातून जकातीची एक रेघ ओढली होती. सिंधूकाठापासून निघून ती सागर, होशंगाबाद, बुऱ्हाणपूर करत ओरिसाकडे जायची. बऱ्याच भागात ती चक्क काटेरी कुंपणाची होती. तिची राखण करायला बारा हजारांवर माणसं. १८६७ ते १८७० या काळात तिचे आयुक्त होते ए. ओ. ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. १ एप्रिल १८७९ ला सरकारने ती रेघ मोडली. मिठावरचा कर मात्र सोडला नाही, तो मीठ जिथे पिकतं तिथेच, आधी घ्यायला लागले. रस्त्यात माणसं उभी करून वसूल करणं खर्चाचं आणि छळाचं आहे, हे परक्या, लुबाडायला बसलेल्या सरकारलाही उमगलं. आजचा कायदा म्हणतो, शुल्क शंभर रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर घेऊ नये. म्हणजे एकशेदहा रुपयांसाठी आयातपत्र, केवायसी, तपासणी, फी आणि फाटकाशी मोटारसायकल!

माझ्या विरोधात नेहमीचं उत्तर येतं : परदेशातला विक्रेता आपल्या कायद्याला बांधील नाही, त्याच्याकडून आधी आकडा कसा वदवणार? तर याचं उत्तर अमेरिकेने आपल्याला २०२५ मध्ये फुकट शिकवलं.

तोवर ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत शुल्काविना जायचं. २९ ऑगस्टपासून ही सवलत सगळ्या देशांसाठी बंद. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. महिनाअखेर पत्रंसुद्धा थांबली. शुल्क कोण, कसं गोळा करणार हेच कोणाला कळेना, विमान कंपन्या टपाल उचलेनात. ज्यांची पोरं डॅलसला, सिॲटलला आहेत अशा जबलपूरच्या मराठी घरांत सप्टेंबरभर एकच विषय : फराळ जाणार कसा? खासगी कुरिअरचे किलोमागचे भाव ऐकून चकलीचा घास घशात अडकायचा. आमच्या वहिनींनी अनारशांचं पीठ तयार ठेवलं होतं. ते इथेच खपलं, आम्ही खपवलं, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटी १५ ऑक्टोबरला सेवा सुरू झाली. लक्ष्मीपूजन २१ ला.

कशी सुरू झाली? डीडीपी पद्धतीने! भारतात बनलेल्या मालाच्या घोषित किमतीवर सरसकट ५० टक्के अमेरिकी शुल्क, पार्सल देतानाच, इथल्या टपाल कचेरीच्या खिडकीवर भरायचं. पावती घ्यायची. तिकडे पोराच्या दारात कोणी दमडी मागणार नाही. पन्नास टक्के हा आकडा डोळे पांढरे करणारा होता, पण तो समोर होता. पाठवायचं की नाही ते घरातल्या माणसांनी बसून ठरवलं. सात आठवड्यांत आपलं टपाल खातं दुसऱ्या देशाची जकात आगाऊ, रुपयापर्यंत मोजून घ्यायला शिकलं. आणि स्वतःच्या देशाची जकात आगाऊ सांगायची म्हटली, की तांत्रिक अडचणी आहेत. परक्याच्या वसुलीला जी तत्परता, ती आपल्या नागरिकाला आकडा सांगायला नाही.

इतरांनीही हे केलंच आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून हजार डॉलरपर्यंतच्या मालावरचा जीएसटी परदेशी विक्रेत्याकडूनच, खरेदीच्या क्षणी घ्यायला सुरुवात केली. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून दीडशे युरोपर्यंतच्या मालासाठी तशीच व्यवस्था उभी केली. बडी दुकानं भारतासाठीही आयात शुल्काची अनामत आधीच घेतात आणि जास्त झाली तर परत करतात. जमतं. ज्याला जमवायचं त्याला जमतं.

कायदाही आपल्याकडे आहे. २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम सांगतात, की एकूण किंमत एका आकड्यात दाखवा, त्यात पोचवण्याचा, हाताळणीचा खर्च आणि लागू कर धरा, आणि फोडही द्या. भारतात दुकान नसलं तरी भारतातल्या ग्राहकांना सातत्याने माल विकणाऱ्यालाही ते लागू आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली. आधी कमी किंमत दाखवून पुढे थेंबाथेंबाने वाढवत नेणं हे त्यात नाव घेऊन गैर ठरवलं आहे. नियम उत्तम छापलेत. वापरायचे कोणी, हा प्रश्न आहे.

या अंधाराचा फायदा आणखी कोणाला होतो ते वेगळं सांगायला नको. 'तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, या लिंकवर आधार द्या, एवढे पैसे भरा' हा निरोप खऱ्या कुरिअरकडूनही येतो आणि चोराकडूनही, शब्द तेच, घाई तीच. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने म्हातारी माणसं लुबाडली जातात, त्यातल्या कितीतरी गोष्टी पार्सलपासूनच सुरू होतात. खुद्द कस्टम्सच्या पत्रावर पडताळता येणारा ओळख क्रमांक असतो. कुरिअरच्या निरोपावर काय असतं? कंपनीचं रंगीत बोधचिन्ह, जे कोणीही चिकटवू शकतो.

मी तक्रार तयार केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती राहत्या जिल्ह्यात करता येते, मुंबईचे हेलपाटे नकोत. पाच लाखांपर्यंत फीही नाही. मागण्या तीन : माझ्या नावाने भरलेल्या आयातपत्राची प्रत द्या, मला न विचारता माल सोडवण्याचा अधिकार मी कधी दिला तो कागद दाखवा, आणि ७५० रुपये परत करा. १३५ रुपये जीएसटीसुद्धा. वकील मित्र म्हणतो, ८८५ रुपयांसाठी कशाला डोकं आपटतोस, तारखांना जाण्यायेण्याच्या रिक्षाचेच जास्त होतील. होऊ देत. रिक्षावाला बसायच्या आधी भाडं सांगतो.